खिशातलं कार्ड आणि दाराआडचा माणूस

बोईसर,
रविवार, दुपार (जेवण झालं आहे, झोप येत नाही)

चि. सुजीत यास,

बळवंतदाजीचे अनेक आशीर्वाद. सौ. समिधा आणि चि. स्वरा यांनाही आशीर्वाद. तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालतो, कारण तसं नसतं तर तुझ्या आक्काला ते आधीच कळलं असतं आणि तिने मला स्वस्थ बसू दिलं नसतं. इकडची खुशाली म्हणशील तर माझा गुडघा, आक्काचं पित्त आणि बोईसरचा सकाळचा वास ही तिन्ही जिथल्या तिथे आहेत. (वास कुठल्या कारखान्याचा आहे ते नोकरीत असताना मी बरोबर ओळखायचो. निवृत्त झाल्यापासून ओळखायचं सोडून दिलं आहे, नुसती खिडकी लावतो.) फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. एक तर फोनवर माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तू "दाजी, एकदा रीस्टार्ट करून बघा" म्हणतोस, आणि पत्राला रीस्टार्ट करता येत नाही. दुसरं कारण शेवटी सांगेन. मी दमलो आहे, तेव्हा सावकाश लिहितो. तूही सावकाश वाच.

विषय तुझ्या ई-रीडरचा. गेल्या गणपतीत तू तो घेऊन आलास तेव्हाच मला शंका यायला हवी होती. भाऊ बहिणीला नवी वस्तू देतो ती खोक्यातून देतो, तू पिशवीतून काढून दिलीस. मग हळूच सांगितलंस की याची आतली मेमरी जळाली आहे, त्यामुळे कंपनीच्या लेखी हे यंत्र मेलेलं आहे. पण त्याला मेमरी कार्डाची खाच आहे, आणि यंत्राने सुरू कसं व्हायचं, पान कसं उलटायचं, अक्षर कसं दाखवायचं ही सगळी सिस्टीम तू नखाएवढ्या कार्डावर बसवली आहेस. कार्ड खाचेत असेल तर यंत्र जिवंत, नसेल तर नुसती फळी. मी मान डोलावली. सगळी नोकरी मेंटेनन्समध्ये काढलेला माणूस कशालाही मान डोलावतो, विशेषतः सांगणारा बायकोचा भाऊ असेल तर. तुझी आक्का त्या यंत्राला पाटी म्हणते. मीही आता पाटीच म्हणतो, कारण घरात एका वस्तूला दोन नावं असली की भांडण नक्की कशावरून चाललं आहे ते कळत नाही.

आक्काचं वाचन तुला ठाऊक आहे. साताऱ्याहून लग्न होऊन ती इथे आली तेव्हा बोईसरमध्ये तिच्या ओळखीचं कोणी नव्हतं, म्हणून तिने कॉलनीतल्या वाचनालयाशी ओळख करून घेतली, आणि माझ्याहून ती ओळखच जास्त वाढली. मोतीबिंदू झाला तेव्हा ते सगळं थांबलं. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा, ती म्हणाली करू. दोनदा तारीख घेतली. एकदा तिला सर्दी झाली, एकदा मला. (मला सर्दी झाली म्हणून तिच्या डोळ्याचं ऑपरेशन का पुढे जावं, हे विचारायचं धाडस मी केलं नाही.) खरं कारण तुम्हा भावंडांना माहीत आहे. तुमच्या आत्याचा डोळा ऑपरेशननंतर गेला, ते आक्काने लहानपणी जवळून पाहिलं, तेव्हापासून तिच्या मनात ती भीती घर करून आहे. आणि अशा वेळी तू ही पाटी घेऊन आलास, जिच्यावर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं.

ती किती खूश झाली ते मी पाहिलं, म्हणून तेव्हा तुला काही बोललो नाही. स्वयंपाक लवकर उरकून ती गॅलरीत जाऊन बसायची, आणि चेहरा असा की मला हाक मारायला जीव व्हायचा नाही. पण पुढे काय झालं ते ऐक. सुरुवातीला पाटीवर एक चांगला परिच्छेद मावायचा. दिवाळीत एक वाक्य मावू लागलं. संक्रांतीनंतर वाक्याचे तुकडे पडायला लागले. लेखकाने 'तो दचकून मागे वळला' असं लिहिलं असेल तर एका पानावर तो दचकायचा आणि दुसऱ्या पानावर मागे वळायचा. मधल्या वेळात आक्का चहाचा घोट घ्यायची. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, आता कशाला, बटण आहे ना. डोळा जेवढा मागे जात होता तेवढं अक्षर पुढे येत होतं आणि मी बाजूला बसून बघत होतो. वाणगावची साखरबाई आपल्याकडे भाजी घेऊन येते, ती एकदा मला जिन्यात थांबवून म्हणाली, "भाऊ, वैनी आता मिरच्या हातानं चाचपून घेते, डोल्यानं नाय बगत. तुमी काय करता हाय का नाय?" मी तिला सांगितलं की प्रयत्न चालू आहेत. म्हणजे मी काहीच करत नव्हतो.

आता माझ्यावरच्या आरोपाकडे येतो. आरोप असा, की पाटी मी बिघडवली. सुजीत, तू कॉम्प्युटरचा माणूस, तुला कारखान्याची रीत कळणार नाही, तरी सांगतो. मशीनजवळून उठायचं तर किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवायची. कपाटात नाही, दुसऱ्याकडे नाही, स्वतःच्या खिशात. आमच्यातल्या पंढरीची दोन बोटं गेली ती किल्ली मशीनमध्येच राहिली आणि कोणीतरी भलत्या वेळी ती फिरवली म्हणून. त्या पाळीला मी होतो. तेव्हापासून कुठल्याही यंत्राला किल्ली लटकताना दिसली की माझा हात आपोआप पुढे जातो. (शेजाऱ्यांच्या स्कूटरची किल्ली मी आजवर किती वेळा काढून ठेवली असेल ते त्यांना विचार. आता ते मला बघून स्कूटर गेटच्या बाहेर लावतात.) पाटीची किल्ली म्हणजे कार्ड. तेव्हा आक्काचं वाचून झालं, पाटी बंद झाली, की मी कार्ड काढून शर्टाच्या खिशात ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी खाचेत घालून द्यायचो. कित्येक महिने हे सुरळीत चाललं. माझ्या मते ही शिस्त होती.

मग एकदा दूध उतू जातंय म्हणून आक्का पाटी चालू ठेवून आत गेली. मी समोरून आलो. यंत्र उघडं, माणूस जागेवर नाही, किल्ली आत. पुढचं सांगायला नको. ती परत आली आणि पान उलटायला बोट लावलं, तर पान उलटेना. मी घाईघाईने कार्ड परत घातलं, तरी पाटी ढिम्म. तू नंतर सांगितलंस की त्याच क्षणी सिस्टीम कार्डावर काहीतरी लिहीत होती आणि मी मधेच कार्ड उपटलं. मला काय माहीत? वाचायचं यंत्र गुपचूप लिहीत बसतं, अशी शंका कोणाला येईल? आणि या पाटीची खोड अशी की वीज गेली, कार्ड गेलं, जीव गेला, तरी शेवटचं पान तिच्यावर तसंच छापल्यासारखं राहतं. आक्का एक जाडजूड रहस्यकथा वाचत होती. पाटीवर भल्यामोठ्या अक्षरांत राहिलं, 'दाराआड उभा होता तो'. बस. तो म्हणजे कोण, ते पुढच्या पानावर.

हे चार शब्द आमच्या घरात किती काळ उभे होते ते मी सांगत नाही. जेवायला बसलो की समोरच्या फडताळावरून ते दिसायचे. आक्का अधूनमधून पाटीजवळ जायची, नाक लावून ते वाचायची आणि पुन्हा आत जायची. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. स्टेशनजवळ चिराग म्हणून एक मोबाईलवाला आहे, त्याच्याकडे पाटी घेऊन गेलो. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "अंकल, स्क्रीन तो चालू है, प्रॉब्लेम क्या है?" मी म्हटलं, हीच तर अडचण आहे, बंद असूनही चालू दिसतंय. त्याला ते पटलं नाही. त्याने पाटी काउंटरवर ठेवून घेतली, चार्जिंगला लावली, आणि संध्याकाळी मी गेलो तर कव्हर बदलायला आलेली माणसं ती वाचून विचारत होती, कौन था? चिरागही म्हणाला, काका, दुरुस्त झालं की मला सांगा कोण होता ते. एवढी उत्सुकता त्याने दुरुस्तीत दाखवली असती तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

मग तुला फोन केला आणि तू सांगितलंस, कार्ड लॅपटॉपला लावा. तुझ्या भाचीचा जुना लॅपटॉप घरात आहेच. कार्ड लावताक्षणी त्याने विचारलं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? मी हो म्हटलं. त्याने सगळं पुसून टाकलं. तू नंतर कपाळाला हात लावून (फोनवर आवाज आला) सांगितलंस की लॅपटॉपला त्या कार्डाची मांडणी ओळखता येत नाही म्हणून तो तसं विचारतो, आणि त्याला नाही म्हणायचं असतं. अरे, पॅनेलने विचारलं आणि आपण नाही म्हटलं असं आमच्या कारखान्यात कोणी केलं नाही. नंतर तू सिस्टीमची फाईल पाठवलीस, ती मी कार्डावर नेऊन ठेवली. पाटी हलली नाही. तू म्हणालास, दाजी, फाईल कार्डावर ठेवायची नाही, उतरवायची, त्याचा प्रोग्रॅम वेगळा. ठेवणं आणि उतरवणं यात फरक काय, यावर मी तुझ्याशी बराच वेळ वाद घातला. शेवटी आतून आक्काच म्हणाली, विरजणाची वाटी दुधाशेजारी ठेवली म्हणून दही लागत नाही, आत घालावं लागतं. मला कळलं. कळलं याचा राग जास्त आला.

चिरागकडून नवं कार्ड आणलं, तू सांगितलेला प्रोग्रॅम घेतला, फाईल उतरवली. मधे वीज गेली. पुन्हा उतरवली, तू पाठवलेली पुस्तकंही परत घातली. आणि काय सांगू, पाटीवरचा दाराआडचा माणूस एकदाचा पुसला गेला आणि पाटी सुरू झाली. मी एवढ्या मोठ्याने हाक मारली की आक्का पिठाच्या हाताने आली. तिने पाटी घेतली आणि पुस्तक उघडलं. पानभर नुसते चौकोन होते. मराठी अक्षरांचा फॉन्ट घालायचा राहिला होता, हे मला नंतर समजलं. पण ती पाटी डोळ्यांजवळ नेत होती, लांब धरत होती, उजेडाकडे वळवत होती. मग तिने अगदी हळू विचारलं, "हे माझ्या डोळ्यांमुळे आहे, का तुमच्यामुळे?"

माझ्यामुळे, असं मी सांगितलं. तिने पाटी खाली ठेवली आणि पोळ्या करायला गेली. सुजीत, त्या प्रश्नाने मला जे वाईट वाटलं ते नोकरी संपली तेव्हाही वाटलं नव्हतं. त्याच आठवड्यात नवापूर नाक्यावर रस्ता ओलांडताना ती माझ्या हातातून सुटून पुढे गेली. टेम्पो येत होता, हॉर्न वाजवत होता, आणि तिने तो आला त्याच बाजूला पाऊल टाकलं. ड्रायव्हरने कचकन ब्रेक लावला आणि मला हिंदीत जे बोलला ते मी निमूट ऐकून घेतलं, कारण त्यात चुकीचं काही नव्हतं. आक्का घरी येऊन म्हणाली, मला दिसला होता टेम्पो. मी घाबरलो आहे. इतका, की आता ती भाजी आणायला निघाली तरी मी चपला घालतो. तिला वाटतं मला भाजीची आवड लागली.

आता सध्याची स्थिती. पाटी कपाटात. घरात वाचायला कोणी नाही म्हणून घर मोठं वाटतं. शेवटी मी वाचनालयातून तीच रहस्यकथा छापील आणली आणि रोज संध्याकाळी आक्काला वाचून दाखवतो. ती म्हणाली, दारापासून पुढे वाचा. मी म्हटलं, मशीन मधूनच सुरू करायचं नसतं. पहिल्या पानापासून घेतली आहे. माझं वाचन कसं आहे म्हणशील, तर तिच्या मते मी खून असा वाचतो, जसा बॉयलरचा दाब वाचतोय. घसा बसला आहे, चष्म्याचा नंबर वाढल्यासारखा वाटतो, आणि पात्रांची नावं मी विसरतो म्हणून तीच मागून सांगते. तिने अर्धी कथा आधीच वाचलेली असल्यामुळे नोकराने कपबशी फोडली की ती नुसतंच "हं" म्हणते, आणि मग मला झोप लागत नाही.

तर या सगळ्याचा निष्कर्ष असा की तुझं यंत्र तू परत घेऊन जा. ज्याचं डोकं खिशातून पडू शकतं अशी वस्तू म्हाताऱ्या माणसांच्या घरात नको. राग मानू नकोस, तुझा हेतू चांगला होता. कळावे, लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
बळवंतदाजी

ता.क. : वरचा निष्कर्ष खोटा आहे. पाटी चालू आहे. चौकोनांचं मी दुसऱ्याच दिवशी निस्तरलं, तू पाठवलेला फॉन्ट नीट जागेवर घातला आणि अक्षरं झकास उमटली. पण आक्काला सांगितलं नाही. तिला म्हटलं, आता काही इलाज नाही. कार्ड माझ्या खिशात आहे आणि पाटी कपाटात. का, ते तुला कळलं असेलच: जोवर बटण आहे तोवर ती डोळ्याला हात लावू देणार नाही. आणि बघ, युक्ती लागू पडली. परवा ती आपणहून म्हणाली, तारीख घ्या. येत्या गुरुवारी पालघरला ऑपरेशन आहे. तुला ती फोन करून विचारेल, तेव्हा तू सांग की असलं कार्ड आता बाजारात मिळत नाही. हे फोनवर बोलता येत नाही, कारण आमच्या घरात फोन स्पीकरवर असतो, आणि मेसेज मोठ्याने वाचून दाखवायची सोय तूच तिला करून दिली आहेस. माझं हाताचं अक्षर तेवढं तिला दिसत नाही. मला हे फसवणं आवडत नाही. म्हणून पाटीवर तिचं ते दाराआडचं पान शोधून तिथेच आणून ठेवलं आहे, अक्षर सगळ्यात मोठं करून. पट्टी निघाली की तिच्या हातात देईन. पुढचं पान उलटून बघायचा मोह झाला होता, पण बघितलं नाही.

ता.क. दुसरा : गुरुवारी तू ये. पुण्याहून पहाटे निघालास तर पोचशील. मी आयुष्यभर बंद मशीनं उघडली, पण तिला आत घेऊन दार लावतील तेव्हा त्या दारासमोर एकट्याला बसवणार नाही. हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच आहे.

सुजीत,

हे अक्षर माझं, आक्काचं. बरण्यांवर नावं घालायच्या जाड पेनाने लिहिते आहे, ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सांभाळून घे. पाकीट आणायला हे खाली गेलेत, तोवर हा वेगळा कागद यांच्या पानांच्या घडीत सरकवून ठेवते. पत्रात काय लिहिलंय ते मला दिसत नाही, पण एवढी पानं लिहिलीत म्हणजे माझ्याविषयी असणार.

कार्ड मला सापडलं. यांचा शर्ट भिजत घालताना मी खिसे चाचपतेच, नट-बोल्ट निघतात म्हणून. हे दूध आणायला गेले तेव्हा पाटीत घालून बघितलं. नेमकं माझंच पान उघडलं. यांनीच शोधून ठेवलं असणार. बराच वेळ मी पुढे वाचलंच नाही, नुसती पाटी धरून बसले.

मग दाराआड कोण होतं ते वाचलं. पुढची दोन-तीन पानं वाचली, आणि मग अक्षर सगळ्यात मोठं असूनही धूसर झालं. पुसून बघितलं, डोळे धुऊन बघितले. बटण त्याच्यापुढे जात नाही. म्हणून मी तारीख घ्या म्हटलं. यांना वाटतं, पाटी बंद पडली म्हणून मी तयार झाले. वाटू दे.

पान परत दारापाशी आणलं, पाटी नीट बंद करून मगच कार्ड काढलं, आणि शर्ट वाळल्यावर त्याच खिशात ठेवलं. दर धुण्याला ठेवते. तू यांना काही बोलू नकोस. संध्याकाळी वाचून दाखवतात ते मला आवडतं. अजून दाराच्या पानापर्यंत आलेले नाहीत. तिथे पोचले की घाबरणार, मला माहीत आहे. मी शेजारी बसलेली असेन.